दारूचं व्यसन : उपचार कशाने टिकतात, कशाने फसतात

रानजाई

व्यसनमुक्ती केंद्रात चौकशीला येणाऱ्या नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. किती दिवस ठेवता? खर्च किती? परत पिणार नाही याची खात्री देता का? घरी सोडल्यावर पहिलं वर्षभर तुम्ही काय करता, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. माझ्या मते सगळा उपचार याच प्रश्नाच्या उत्तरावर तरतो किंवा बुडतो.

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं, आणि दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० जणांत एकाला. इतक्या मुश्किलीने माणूस दारापर्यंत येतो, तर त्याला मिळणारा उपचार तरी धड असायला हवा.

आपल्या या ऑनलाइन मंचावर डॉक्टर, समुपदेशक, औषधांच्या दुकानातली आणि कायद्याची जाणकार मंडळी आहेत. अनुभवकथनाचे धागे आधीच बरेच आहेत. इथे फक्त कामाची माहिती लिहूया : काय करायचं, किती दिवस करायचं आणि कुठे चुकतं.

---

वैद्य_सातारा

मानसोपचार हा माझा विषय, म्हणून पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करतो. याच आठवड्यात जीव जाऊ शकतो, आणि नीट केलं तर जवळजवळ सगळे वाचू शकतात.

रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळ होते, छातीत धडधडतं. साधारण दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. खरा घातक प्रकार दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो. माणसाला वेळ-काळ कळेनासा होतो, अंगावर किडे-मुंग्या फिरताना दिसतात, समोर नसलेल्या माणसांशी तो बोलतो. रिक्षा चालवणारा पलंगावर बसल्या बसल्या हँडल फिरवत राहतो. घरचे याला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेतात आणि त्यात एक रात्र वाया जाते. ही तातडीने रुग्णालयात नेण्याची वेळ असते. सोबत ताप आणि वाढलेला रक्तदाब असेल तर अतिदक्षता विभागच हवा.

यावरचं औषध म्हणजे डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड. यकृत खराब असेल किंवा वय जास्त असेल तर लोराझेपाम. पहिल्या दोन दिवसांत पुरेसा डोस द्यायचा आणि पाच ते सात दिवसांत उतरवत बंद करायचा. चांगल्या ठिकाणी नर्स दर काही तासांनी दहा मुद्द्यांच्या तक्त्यावर गुण देते : कंप, घाम, मळमळ, अस्वस्थता, भास वगैरे. एकूण गुण ६७ पैकी असतात. १५ च्या वर गेले की प्रकरण गंभीर. डोस या गुणांवरून ठरतो. सरसकट सगळ्यांना एकच गोळी दिली तर कोणी गुंगीत पडून राहतो आणि कोणाला तिसऱ्या रात्री फिट येते.

दुसरी गोष्ट थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब १. “सलाइन लावा, उतरेल” हा समज फार खोलवर रुजलेला आहे. दारू सोडल्याचा त्रास सलाइनने जात नाही. उलट कुपोषित माणसाला थायमिनच्या आधी ग्लुकोज चढवलं, तर शरीरात उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, डोळ्यांच्या हालचाली बिघडणं, गोंधळणं ही त्याची लक्षणं. तिन्ही एकत्र दिसायलाच हवीत असं नाही. शंका आली तरी शिरेतून थायमिन द्यायचं, दिवसातून तीनदा, मोठ्या मात्रेत. पोटातून घेतलेली गोळी अशा वेळी पुरत नाही, कारण ती नीट शोषलीच जात नाही. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते.

म्हणून केंद्राला पहिला प्रश्न हा विचारा : रात्री दोन वाजता फिट आली तर इथे कोण असतं?

---

चांदणवेल

डॉक्टर, एक शंका. आमच्याकडे बरेच जण गटारीपर्यंत पितात आणि श्रावण कडक पाळतात. “महिनाभर सोडू शकतो, म्हणजे मी व्यसनी नाही,” असं म्हणतात. याला काय म्हणायचं?

---

वैद्य_सातारा

चांदणवेल, यात दोन वेगळे गट आहेत. महिनाभर सहज राहतो आणि थरथर होत नाही, त्याचं शरीर बहुधा अजून दारूवर अवलंबून नाही. पण गणपती झाले की पुन्हा त्याच जोमाने सुरू होत असेल, ठरवलेल्यापेक्षा जास्त जात असेल, कामधंदा आणि घर बिघडत असेल, तर त्रास आहेच. त्यासाठी दहा प्रश्नांची जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली आहे, ४० गुणांची. ८ पासून पुढे धोका, २० पासून पुढे व्यसनाची दाट शक्यता.

दुसरा गट रोज सकाळी उठल्याबरोबर घोट घ्यावा लागणाऱ्यांचा. त्यांनी अमावस्येनंतर किंवा माळ घातली त्या दिवशी एका दमात बंद करणं धोक्याचं आहे. संकल्प जरूर करावा, पण आदल्या दिवशी डॉक्टरांना भेटून. अपघातात हाड मोडून दाखल झालेल्यांचंही हेच होतं. ऑपरेशन उत्तम होतं आणि तिसऱ्या दिवशी पेशंट सलाइन उपटून पळायला बघतो, कारण पिण्याबद्दल कोणी सांगितलेलंच नसतं. सर्जनला हे खरं सांगा.

प्रमाणाबद्दलही गैरसमज आहेत. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ६५० मिलीच्या ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे ४१ ग्रॅम. “मी फक्त बिअर घेतो” म्हणणारा रोज दोन बाटल्या घेत असेल, तर त्याचा आकडा क्वार्टरवाल्याच्या पुढे जातो.

---

गोळीबंद

औषधाच्या काउंटरच्या अलीकडून-पलीकडून जे कळतं ते लिहितो. डिटॉक्स, म्हणजे दारू बंद केल्यानंतरचा तो पहिला आठवडा, पार पडल्यावर पुढे लागणाऱ्या गोळ्या वेगळ्या असतात आणि त्यांच्याबद्दल लोकांना फारच कमी माहिती आहे.

डायसल्फिरम, बहुतेक वेळा २५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. ती तल्लफ कमी करत नाही. तिच्यावर दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. या भीतीने माणूस लांब राहतो. शेवटची गोळी घेतल्यावरही साधारण दोन आठवडे हा परिणाम राहू शकतो. सुरू करण्याआधी निदान २४ तास दारू बंद हवी, यकृताची तपासणी हवी. हृदयविकार किंवा भ्रमिष्टपणाचा आजार असेल तर देत नाहीत.

ही गोळी भाजीत किंवा चहात कुटून घालणं हा गुन्हा समजा. “रुग्णाला न सांगता दारू सोडवा” अशा पुड्यांच्या जाहिराती सगळीकडे असतात. आत काय आहे याचा पत्ता नसतो. त्यात हेच औषध निघालं आणि त्याने संध्याकाळी नेहमीसारखी घेतली, तर जीव जाऊ शकतो.

नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम रोज. याने पिण्यातली मजा आणि ओढ कमी होते. माणूस पूर्ण बंद नसला तरी देता येतं. मात्र अफूवर्गीय काहीही चालू असेल तर नाही, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळीसुद्धा त्यात आली. अॅकॅम्प्रोसेट ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. यकृतावर भार नाही, पण मूत्रपिंड चांगलं हवं. अडचण एकच, दिवसाला सहा गोळ्या. लोक दुपारच्या विसरतात आणि महिन्याने म्हणतात की उपयोग झाला नाही. यकृत फारच बिघडलेलं असेल तर डॉक्टर बॅक्लोफेनचा विचार करतात. ते मनाने एकदम बंद करायचं नाही.

---

रानजाई

डायसल्फिरम हे धाक दाखवण्याचं औषध आहे असं वाटतं. धाक संपला की सगळं पहिल्यासारखं होत नाही का?

---

वैद्य_सातारा

नुसती चिठ्ठी लिहून दिली तर तसंच होतं. गोळी रोज कोणाच्या समोर घेतली जाते, यावर तिचा परिणाम ठरतो. मुंबईत १०० पुरुषांवर झालेला वर्षभराचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या घरी गोळीवर लक्ष ठेवणारं माणूस होतं. वर्षाअखेर डायसल्फिरम घेणाऱ्या गटात ८६ टक्के दारूपासून दूर होते, नाल्ट्रेक्सोनच्या गटात ४४ टक्के. तल्लफ मात्र नाल्ट्रेक्सोनवाल्यांना कमी होती. हे आकडे एकट्या राहणाऱ्या माणसाला लावू नयेत. कोण काय घेतंय हे डॉक्टरांना आणि घरच्यांना माहीत होतं, त्याचाही परिणाम असतो. पण आपल्या एकत्र घरांची रचना या औषधाला साथ देते, हे माझं स्पष्ट मत आहे.

फक्त देखरेख म्हणजे पहारा होता कामा नये. सकाळी चहाबरोबर, ठरलेल्या वेळी, दोघांनी मिळून, आणि त्याच्या संमतीने.

---

पाऊलवाट

समुपदेशनाच्या बाजूने लिहिते. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला आर्थिक आधार होता. पस्तीस दिवसांच्या निवासी उपचारांचा महाराष्ट्राला परिचय झाला तो बऱ्याच अंशी तिथूनच. लोक दिवस मोजतात, पण त्या दिवसांत होतं काय, ते बघायला हवं.

पहिला आठवडा शरीराचा. दुसऱ्या आठवड्यात झोप आणि भूक जरा रुळावर येते आणि डोकं ऐकण्याच्या स्थितीत येतं. त्याआधी दिलेली व्याख्यानं वाया जातात. त्यानंतर खरं काम. सकाळी ठरलेल्या वेळी उठणं, स्वतःची भांडी घासणं, आवारातली कामं, योग, गटसभा, आणि आठवड्यातून ठरलेल्या वेळी एकाच समुपदेशकाशी एकट्याने बोलणं. समुपदेशक दर आठवड्याला बदलत असेल तर माणूस उघडतच नाही.

शेवटच्या दहा दिवसांत प्रत्येकाकडून त्याचा धोक्याचा नकाशा काढून घ्यावा. अगदी बारीक. स्टेशनवरून घरी येताना बार कोणत्या हाताला लागतो? पगार कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यात होतो? कोणाचा फोन आला की पाय वळतात? हळद, बारसं, निवडणूक, गावची जत्रा, यातलं पुढच्या तीन महिन्यांत काय आहे? प्रत्येकापुढे “मग मी काय करीन” हे लिहायचं. “मन घट्ट करीन” हे उत्तर मान्य करायचं नाही. “मागच्या गेटने उतरून ६.१० ची बस धरीन आणि बसमधून घरी फोन करीन” हे मान्य.

तल्लफेची लाट बहुधा पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात ओसरते. हे रुग्णाला नुसतं सांगून भागत नाही, घड्याळ लावून दाखवावं लागतं. वहीत चार रकाने : वेळ, आधी काय घडलं, दहापैकी किती जोर, काय केलं. दोन आठवड्यांत आकृती दिसते. बऱ्याच जणांची सगळ्यात जोरदार तल्लफ रिकाम्या पोटी, संध्याकाळी सहा ते आठमध्ये असते. त्यांना पाच वाजता पोटभर खायला लावलं की निम्मी लढाई सोपी होते.

---

पारिजात२२

घरच्यांचं काय? सगळ्यांचं लक्ष पिणाऱ्यावर, आणि बायको दहा वर्षांचा ताण घेऊन तशीच उभी.

---

पाऊलवाट

पारिजातताई, बरोबर मुद्दा. घरच्यांसोबत काम नसेल तर तो अर्धा उपचार. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी सहचरी गट आहे. अल-अॅनॉन या पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या स्वमदत गटाच्या सभा फक्त कुटुंबीयांच्या असतात, आणि नवरा अजून पीत असला तरी बायको तिथे जाऊ शकते.

घरच्यांना शिकवायच्या गोष्टी साध्या आहेत, अवघड आहे ते पाळणं. प्यालेल्या अवस्थेत वाद घालायचा नाही, बोलायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. ऑफिसला “त्यांना ताप आहे” असा खोटा फोन करायचा नाही. उधारी भागवायची नाही. न प्यायलेल्या संध्याकाळी मात्र मुद्दाम सोबत जेवायचं, बोलायचं. हे शेवटचं लोक विसरतात. नुसते कठोर झाले की घरात बोलणंच थांबतं.

घरी परतल्यावर पहिले तीन महिने तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं चालू राहिलं तर भांडण ठरलेलं. त्यापेक्षा दाखल असतानाच समुपदेशकासमोर दोघांचा करार लिहून घ्यावा : एटीएम कार्ड किती दिवस कोणाकडे, रोज खिशात किती रुपये, संशय आला तर काय विचारायचं आणि त्याने काय दाखवायचं. आणि मारहाणीचा इतिहास असेल तर आधी बाईची आणि मुलांची सुरक्षितता. सोबत राहण्याचा आग्रह तिला कोणीही करू नये.

---

कायदेपंडित_नागपूर

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक स्थितीही येतात. त्यामुळे असे रुग्ण ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र बघायला मागा.

स्वतःहून दाखल झालेला माणूस स्वतःहून बाहेर पडू शकतो. संमतीशिवाय ठेवायचं तर कलम ८९ आहे. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलायला कायद्याने मान्य असलेल्या माणसाचा, अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो. मुदत ३० दिवस. पुढे ठेवायचं तर कलम ९० ची वेगळी प्रक्रिया. “गाडी पाठवतो, उचलून आणतो, सहा महिने सोडत नाही” असं सांगणारं केंद्र यातलं काहीच पाळत नाही. साखळीने बांधणं आणि सक्तीने मुंडण करणं कायद्याने बंद आहे. घरच्यांशी फोनवर बोलण्याचा हक्क आहे. तक्रार मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे करता येते. विमा कंपन्यांनाही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं याच कायद्याने बंधनकारक केलं आहे, पॉलिसीची कलमं मात्र नीट वाचा.

---

मोजपट्टी

“९० टक्के यश” अशा पाट्यांबद्दल. पहिला प्रश्न : कोणत्या दिवशी मोजलं? डिस्चार्जच्या दिवशी तर सगळेच न प्यालेले असतात. दुसरा : फोन न उचलणारे कुठे धरले? प्रामाणिक हिशेबात संपर्क तुटलेला माणूस प्यायला लागला असं धरतात. तिसरा : यश म्हणजे एक थेंबही नाही, की पिण्याचे दिवस कमी झाले? दोन्ही मोजणं योग्य आहे, एकत्र मिसळणं योग्य नाही.

पद्धतींच्या भांडणात फार शक्ती घालवू नये. अमेरिकेतल्या १७२६ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात, १९९७ साली, तीन वेगवेगळ्या समुपदेशन पद्धतींचे निकाल जवळजवळ सारखे आले. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए), म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाबद्दल “भावनिक आहे, शास्त्रीय नाही” असं म्हटलं जातं. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास एकत्र पाहिले गेले. सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एएकडे पद्धतशीरपणे जोडून देणारे कार्यक्रम इतर उपचारांपेक्षा काहीसे सरस ठरले. महत्त्वाचं आहे ते जोडून देणं. पत्ता लिहिलेली चिठ्ठी हातात देणं वेगळं. दाखल असतानाच जुन्या सभासदाला बोलावून ओळख करून देणं आणि पहिल्या सभेला त्याच्याबरोबर पाठवणं वेगळं.

---

रानजाई

आणि घसरला तर? बहुतेक घरांत इथेच सगळं कोसळतं.

---

वैद्य_सातारा

व्यसन हा पुन्हा उलटणारा आजार आहे. मधुमेहात साखर वाढली म्हणून आपण उपचार सोडत नाही. एखाद्या ग्लासाने अडखळणं वेगळं आणि पुन्हा रोजचं सुरू होणं वेगळं. मधले दोन-तीन दिवस निर्णायक असतात. त्या काळात लाजेने माणूस लपतो आणि लपण्यासाठी आणखी पितो. म्हणून घरी सोडतानाच लिहून द्यावं : घसरलो तर कोणाला फोन करायचा, २४ तासांत कुठे जायचं. डायसल्फिरम चालू असताना प्यायला असेल तर थेट रुग्णालय.

महिनाभर बंद असलेल्या शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वीइतकीच एकदम घेतली तर विषबाधेचा धोका असतो, हे आधीच सांगून ठेवावं.

पाठपुराव्याचं वेळापत्रक घट्ट हवं. पहिला महिना दर आठवड्याला, तिसऱ्या महिन्यापर्यंत पंधरा दिवसांनी, मग वर्षभर महिन्याला. भेट चुकली तर केंद्राकडून दोन दिवसांत फोन जायला हवा. झोपेची तक्रार कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने राहते. त्यासाठी मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणू नका, एकातून सुटून दुसऱ्यात अडकाल. उदासी तीन-चार आठवड्यांनंतरही टिकली तर तिच्यावर वेगळा उपचार लागतो. ती अंगावर काढली की बाकीचा उपचार टिकत नाही. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले तर वाट बघू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मराठीतही चालतो. व्यसनासाठी १४४४६ आहे.

---

चांदणवेल

डायसल्फिरम चालू असताना आयुर्वेदिक काढे चालतात का? घरी द्राक्षासव असतंच.

---

गोळीबंद

आसव आणि अरिष्ट आंबवूनच करतात, त्यामुळे त्यांत अल्कोहोल असतं, काहींत १० टक्क्यांच्याही वर. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, सगळी त्यात आली. बाटलीवर “स्वयंनिर्मित अल्कोहोल” असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर दोन आठवडे बंद. होमिओपॅथीचे अर्क आणि काही खोकल्याची औषधं यांनाही तेच लागू. चूर्ण किंवा वटी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणखी एक : जुलाबावर घरोघरी असते ती मेट्रोनिडाझोल डायसल्फिरमबरोबर घ्यायची नाही, भ्रमाचा त्रास होऊ शकतो. कुठल्याही दवाखान्यात गेलात की “डायसल्फिरम चालू आहे” हे आधी सांगा. पाकिटात तशी चिठ्ठीच ठेवली तर उत्तम.